पंख्यावर हुकूम कोणाचा?

श्रोतेहो, सत्तांतर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे तख्ते, तह आणि लढाया उभ्या राहतील. आज मी ज्या सत्तांतराविषयी बोलणार आहे, ते टेबलावरच्या एका पेटीत घडले. संगणकाची वीज केव्हा सोडायची, केव्हा तोडायची आणि आतला पंखा किती जोराने फिरवायचा, हे ठरवणार कोण? गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हा अधिकार अनेक हातांतून गेला, त्याची ही हकीकत.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पीसी बाजारात आला. त्याच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस, एक ठसठशीत लाल खटका होता. तो वर केला की वीज आली, खाली केला की गेली. मधली अवस्था नाही. वीजपुरवठ्याची पेटी अवघी ६३.५ वॅटची, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या बल्बाहून किंचित जास्त! पंखा होता तोही त्या पेटीतच, आणि त्याला वेग ठाऊक होता एकच. ८०८८ हा प्रोसेसर तर उघडाच बसलेला असे. डोक्यावर ना पंखा, ना ॲल्युमिनियमचे पत्रे. सगळी सत्ता माणसाच्या हाती होती, कारण सत्ता चालवण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

पुढे यंत्रे कचेऱ्याकचेऱ्यांतून बसली आणि एक गोष्ट ध्यानात आली. कारकून जेवायला गेला तरी यंत्र चालूच. रात्रीसुद्धा चालूच. १९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ‘एनर्जी स्टार’ ही योजना काढली. काम नसताना जे यंत्र तीस वॅटच्या आत राहील त्याला हे चिन्ह मिळायचे. सक्ती नव्हती. पण १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी, सरकारी खरेदी या चिन्हाच्या यंत्रांचीच व्हावी, असा आदेश काढला. आणि सरकारसारखे गिऱ्हाईक कोणता कारखानदार सोडील?

त्याच १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ नावाची व्यवस्था आणली. हिच्यात मुख्य कारभारी होता मदरबोर्डावरचा बायोस. तो इमानी खरा, पण दृष्टीने अधू. कळफलक हलत नाही, डिस्क फिरत नाही, एवढेच त्याला कळे. तुम्ही पडद्यावर लांबलचक मजकूर वाचत बसला असाल, तर त्याच्या लेखी तुम्ही झोपलात! मग तो खुशाल पडदा काळा करी. आजोबांनी वाचणाऱ्या नातवाच्या खोलीतला दिवा मालवावा, तसाच प्रकार.

१९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाची नवी मांडणी दिली. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यांत मोठी, आणि सगळ्यांत गुपचूप झालेली, क्रांती हीच. खटका गेला आणि बटण आले. बटण तार तोडत नाही. ते फक्त अर्ज करते. तो अर्ज ऐकायला कोणी तरी जागे हवे, म्हणून यंत्र ‘बंद’ असतानाही पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डावर वाहतच राहतो. तोवर विंडोज पडद्यावर ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची पाटी दाखवून थांबे. आता ते आपणच वीज सोडून देऊ लागले. या बारीक प्रवाहाचाही पुढे हिशेब झालाच. बुश यांच्या २००१ च्या आदेशाने सरकारी खरेदीत तो शक्यतो एका वॅटवर आणण्यास सांगितले.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ची संहिता प्रसिद्ध केली आणि कुलमुखत्यारी बायोसकडून काढून ऑपरेटिंग सिस्टीमकडे दिली. झोपेच्याही पायऱ्या ठरल्या. एकीत फक्त स्मृती जागी ठेवायची. दुसरीत स्मृतीतले सगळे डिस्कवर उतरवून दिवे मालवायचे. उष्णतेवर उपाय दोन सांगितले: पंखा फिरवा, नाही तर काम हळू करा. तरीही ताप वाढलाच तर यंत्र बंद करा.

ही तरतूद वेळेवर झाली म्हणायची. १९९३ चा पेंटियम पंधराएक वॅट खात होता. २००४ मधले काही पेंटियम फोर शंभर वॅटच्या पलीकडे गेले. २००१ साली एका संकेतस्थळाने चालत्या प्रोसेसरांवरचे थंडावे काढून चित्रफीत केली. पेंटियम फोर मंदावला, पण वाचला. ॲथलॉनमधून धूर निघाला. मदरबोर्डावर तापमापक असून भागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. बातमी पोचून हुकूम सुटेपर्यंत प्रोसेसर संपलेला असतो.

पंख्याचीही तऱ्हा पाहा. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते, आणि आवाजही पुष्कळ उतरतो. मग सदा पूर्ण वेगाने का फिरवायचा? पण व्होल्टेज कमी करत गेले की एका टप्प्याला पंखा अडतो. म्हणून चौथी तार आली. बारा व्होल्ट कायम ठेवायचे, एका तारेवर पंख्याने फेऱ्यांची खबर द्यायची, आणि चौथीवर सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा पाठवायचा. इतकी कंपने माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत, म्हणूनच तो आकडा निवडलेला.

मात्र हिशेब खोलीच्या हवेपासून सुरू होतो, बरं का. खोली दहा अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळजवळ तितकाच तापतो. थंड देशातल्या दिवाणखान्यासाठी बेतलेली पंख्याची मोजणी चंद्रपूरच्या मे महिन्यात कशी टिकावी? वर पत्र्यांच्या फटींत धूळ. आमच्याकडे उन्हाळी परीक्षांच्या सुमारास संगणकांची खोली ओरडू लागते, ती यामुळे.

एसीपीआयने कुलमुखत्यारी दिली खरी. पण टेबलावरच्या संगणकांत पंख्याचा रोजचा कारभार बहुधा मदरबोर्डावरच्या एका लहानशा चिपकडेच राहिला. पूर्वी फ्लॉपी, कळफलक आणि छपाईयंत्र सांभाळणारी हीच ती चिप! कारण उघड आहे. ऑपरेटिंग सिस्टीम मधेच गोठली तरी पंखा थांबता कामा नये. तिच्याही खाली प्रोसेसरमध्येच एक शेवटची चौकी आहे. ताप हद्दीबाहेर गेला की ती कोणाला न विचारता वीज तोडायला लावते.

आणि माणसाचा हात? त्याची सोय त्याच एसीपीआयच्या संहितेत आहे. यंत्र गोठले, अर्ज कोणी ऐकेना, तर ते बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरायचे. मग ऑपरेटिंग सिस्टीमला विचारले जात नाही. वीज जाते.