पुरंदरावरचे बाळ आणि चांद्याचे भोसले

काही वर्षांपूर्वी जमिनीच्या एका कामासाठी मी चंद्रपूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आजी, तिच्या मांडीवर पाच-सहा महिन्यांचे बाळ. आई या टोकाला, बाप त्या टोकाला. मी सहज विचारले, ‘‘आजी, कोणाचं बाळ?’’ ती म्हणाली, ‘‘तेच तं साहेब ठरवनार हायेत, गुरुजी.’’

इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. मला तिथेच पुरंदर आठवला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. वय अवघे अठरा. पत्नी गंगाबाई गरोदर होती. पेशवाई चुलते राघोबांच्या हाती गेली. म्हणजे पोटातले मूल मुलगा निघाला, तर तो घरच्याच माणसाच्या वाटेतला काटा ठरणार होता. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईला पुरंदरावर नेले. सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १८ एप्रिलला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी तो पेशवा झाला. हेच सवाई माधवराव.

बाळ खरे नव्हेच, अशी कुजबुज राघोबांच्या पक्षात होती. गंगाबाईबरोबर इतर गरोदर स्त्रियाही गडावर नेल्या होत्या, ही वदंता ग्रँट डफने नोंदवली आहे. खरेखोटे देव जाणे. मला विचाराल, तर कारभाऱ्यांना ते मूल मसनदीसाठी हवे होते, मुलासाठी नव्हे. पण एक गोष्ट त्यांनी नीट केली. बाळाला आईपासून तोडले नाही, आणि जवळ घरातलीच एक वडीलधारी बाई ठेवली, जिला स्वतःचे कोणी गादीवर बसवायचे नव्हते.

आता आपल्या चांद्याकडे या. तेव्हाचा चांदा म्हणजे आजचा गडचिरोली जिल्हाही त्यातच आला; तो वेगळा झाला १९८२ मध्ये. हा मुलूख मुधोजी भोसल्यांकडे होता. त्यांचा मुलगा रघुजी नागपूरच्या जानोजींनी दत्तक घेतलेला. १७७२ मध्ये जानोजी वारले आणि प्रश्न उभा राहिला, की अज्ञान रघुजीच्या नावाने कारभार कोणी पाहायचा? दत्तक दिले की जन्मदात्याचा हक्क संपतो, असे शास्त्र. पण बाप कसला ऐकतो! दुसरीकडे जानोजींचे भाऊ साबाजी, आणि सुरुवातीला त्यांच्या पाठीशी जानोजींची विधवा दर्याबाई. पुण्याच्या भांडणाचे धागेही इथवर आले होते. साबाजी बारभाईंकडे, मुधोजी राघोबांकडे.

२६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावला दोघे भाऊ भिडले. मुधोजी हत्तीवर, शत्रूच्या गराड्यात सापडलेले. लढाई जिंकलीच अशा समजुतीने साबाजी शरण या म्हणत जवळ गेले. मुधोजींनी पिस्तूल झाडले आणि भाऊ ठार झाला. पुढे १७८८ मध्ये मरेपर्यंत मुधोजींनीच मुलाच्या नावाने कारभार केला. या साऱ्यात रघुजीला कोणी काही विचारले असेल, असे मला वाटत नाही.

पुरंदरावरच्या बाळाची आई १७७७ मध्ये गेली. मूल तीन वर्षांचे. तो सांभाळला गेला, पण मोकळा कधी झाला नाही. लहानपण सारे नानांच्या नजरेखाली. १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून तो वारला, तेव्हा वय होते एकवीस.

मुलाचे हित पाहून पालक नेमावा, हे आपल्याकडे १८९० च्या कायद्याने लिहून ठेवले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने ते हित सर्वांत वर ठेवले, आणि पाच वर्षांखालचे मूल सहसा आईजवळ राहावे असेही सांगितले. कारभाऱ्यांनी पुरंदरावर जे सोयीसाठी केले, ते आता गोरगरिबाच्या बाळालाही मागता येते.

दुपारी पुकारा झाला. आजीने बाळाची कुंची सारखी केली, ते आईकडे दिले आणि तिघी-चौघे आत गेले. तेवढ्यात माझेही नाव पुकारले गेले. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.