वस्त्रक्षालनाची देशी साधने : कामठीच्या संदर्भात एक विचार

कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली आणि तिच्या आश्रयाने कामठी हे गाव वाढीस लागले. छावणीच्या इतिहासात पलटणी, सेनाधिकारी व बाजार यांची नोंद सापडते. पलटणीचे कपडे धुणाऱ्यांची फारशी सापडत नाही. त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा नियमांच्या निमित्ताने. १९२४ च्या छावणीविषयक कायद्यात धोब्यांना धुण्याच्या जागा नेमून देण्याची व परवाना आवश्यक करण्याची तरतूद होती. नियमनाची ही दृष्टी मात्र नवी नव्हे. रजकांनी लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच वस्त्रे धुवावीत, अन्यत्र धुतल्यास नुकसानभरपाई व सहा पण दंड द्यावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे.

साबणाच्या वडीपूर्वीची धुण्याची द्रव्ये तीन प्रकारची होती. पहिला प्रकार क्षारांचा. लाकडाच्या राखेतून पाणी गाळले असता त्यात पोटॅशचे कार्बोनेट उतरते. खारी मातीत सोड्याचे क्षार असतात. हे क्षार तेलकट मळ सुटा करतात. दुसरा प्रकार फेसाळ फळांचा. रिठा, शिकेकाई आणि हिंगणबेट यांत सॅपोनिन हे द्रव्य असते व ते क्षारावाचून मळ काढते. तिसरे साधन उष्णता आणि सूर्यप्रकाश यांचे. क्षारात भिजविलेले सुती कपडे भट्टीवर वाफवून, दगडावर आपटून उन्हात वाळवीत. त्यानंतर नीळ आणि खळ देत.

या साधनांची निवड वस्त्र पाहून केली जाई. सुताला क्षार सोसतो. लोकर व रेशीम हे प्राणिज तंतू त्याने झिजतात. म्हणूनच शालू, पैठणी व शाली यांच्यासाठी घरोघर रिठ्याचे पाणी वापरीत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही वस्त्रागणिक शुद्धिद्रव्य वेगळे आहे : लोकरी कांबळ्यांना रिठा, क्षौमाला पांढरी मोहरी. परंतु तेथेच रेशीम व लोकर यांना खारी माती सांगितली आहे, आणि हे रसायनशास्त्राशी जुळत नाही. तो विधी शुद्धिविचाराच्या प्रकरणातील आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. धर्मशास्त्रातील शुद्धी आणि धोब्याच्या घाटावरील स्वच्छता या एकच होत, असे गृहीत धरून अशा वचनांचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे ठरते.

साबण ही केवळ इंग्रजी राजवटीची देणगी होय, हा समजही तपासून पाहावा लागतो. ऐन-ए-अकबरीतील वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारच्या परिसरात काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आहे. लोणार सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनी युक्त आहे, त्यामुळे हा उल्लेख विश्वसनीय वाटतो. पुढे घडला तो बदल प्रमाणाचा व बाजाराचा होता. १८८८ च्या सुमारास सनलाइट साबण कलकत्त्यास उतरला, १९५९ मध्ये सर्फ आले आणि १९६९ मध्ये निरमा निघाली. सर्व वस्त्रांना एकच चूर्ण, ही सवय त्यानंतर घरोघर रुजली. तंतूगणिक साधन निवडण्याचे ज्ञान मात्र मागे पडले.

आज देशी साधनांकडे पर्यावरणाच्या दृष्टीने पुन्हा पाहिले जाते. चूर्णातील फॉस्फेटमुळे पाण्यात शेवाळ माजते व प्राणवायू घटतो. नागपूरच्या पाणीपुरवठ्याचा काही भाग कन्हानवर अवलंबून असल्याने हा प्रश्न या प्रदेशाला परका नाही. तथापि जे नैसर्गिक ते निरुपद्रवी, असा सिद्धान्त काढता येत नाही. सॅपोनिन माशांना विषारी असते, भट्टीला जळण लागते आणि उघड्या घाटावरचे क्षारयुक्त पाणीही शेवटी नदीतच जाते.

याहून महत्त्वाचा प्रश्न श्रमाचा आहे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात धोबी, वरठी व परीट यांची नोंद एकाच प्रकरणात आहे. गावगाड्यात परीट हा बलुतेदार होता. इतरांचा मळ काढण्याबद्दल त्याला धान्य मिळे. सोयर व सुतक यांतील कपडे धुण्याचे काम त्याच्याकडे असे, आणि त्याच कामामुळे त्याचा सामाजिक दर्जा खालचा मानला जाई. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन स्वच्छता हे सर्वांचेच कर्तव्य ठरविले. या पार्श्वभूमीवर त्यांच्या कार्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

तात्पर्य, जुन्या पद्धतीतील ग्राह्यांश वस्त्र व मळ पाहून बेताने द्रव्य वापरण्याच्या विवेकात आहे. तो स्वीकारताना, त्या पद्धतीचा भार एका जातीच्या हातांनी आणि पाठीने वाहिला होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाला दृष्टीआड करता येणार नाही.