थोरली पाती, धाकटी पाती : बोर्दोच्या एका द्राक्षमळ्याची कथा

१८५५ साली पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या आश्रयाने जागतिक प्रदर्शन भरले. तेथे मांडण्यासाठी बोर्दोच्या उत्तम वाइनची एक यादी हवी होती. ती तयार करण्याचे काम बोर्दोतील वाइनच्या दलालांकडे आले. त्यांनी नव्याने चव घेऊन गुण दिले नाहीत. त्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षांचे भाव लिहिलेले होते. ज्या इस्टेटच्या मालाला अधिक भाव, ती वरच्या श्रेणीत, एवढाच निकष. लाल वाइनच्या अशा पाच श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत चार नावे आली: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (हे लातूर जिरोंद खाडीकाठचे, मराठवाड्याशी त्याचा काही संबंध नाही!)

दुसऱ्या श्रेणीतले पहिले नाव होते मूटॉन. या मळ्याचा पुढचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका पायरीभोवती फिरतो.

मूटॉन या फ्रेंच शब्दाचा अर्थ मेंढी. इंग्रजीमार्गे हाच शब्द मराठीत ‘मटण’ होऊन आला. पोइयाक गावाजवळचा हा मळा १८५३ साली नाथानियल द रॉथ्सचाइल्ड यांनी लिलावात ११ लाख २५ हजार फ्रँकना घेतला आणि त्याला आपल्या घराण्याचे नाव जोडले. १८६८ साली याच घराण्यातील जेम्स यांनी शेजारचे लाफित विकत घेतले. बांधाला बांध, आडनाव एक. पण एकाची श्रेणी पहिली आणि दुसऱ्याची दुसरी. भाऊबंदकीच्या कथा वाचलेल्या मराठी वाचकाला यापुढे काही सांगावे लागू नये.

त्या काळी मळा वाइन तयार करी, पण तिचा शेवट त्याच्या हाती नसे. नवी वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांतून बोर्दो शहरातील व्यापाऱ्यांकडे जाई. ती मुरवणे, बाटल्यांत भरणे, चिठ्ठी लावणे ही सगळी कामे व्यापाऱ्याच्या गोदामात होत. वाटेत फिक्या वाइनमध्ये दक्षिणेकडची दाट वाइन मिसळण्याचीही चाल होती. बाटलीवर मळ्याचे नाव असे, पण आत नेमके काय आहे याची हमी मळा देऊ शकत नसे.

१९२२ साली नाथानियल यांचे पणतू फिलिप यांनी कारभार हाती घेतला. वय अवघे वीस. दोनच वर्षांनी त्यांनी ठरवले की मूटॉनची सारी वाइन मळ्यावरच बाटलीबंद होईल. हा निर्णय १८५५ च्या यादीइतकाच महत्त्वाचा मानायला हवा. यादीने नावाची किंमत ठरवली, या निर्णयाने नाव मालकाच्या ताब्यात आणले. त्याचा खर्चही मोठा होता. पूर्वी विकली जाणारी पिंपे आता दोन-तीन वर्षे मळ्यावरच राहणार, म्हणून १९२६ साली शंभर मीटर लांबीचे पिंपघर बांधावे लागले.

मात्र नाव ताब्यात आले की वाईट वर्षाचा दोषही पदरात येतो. १९३० चा हंगाम खराब गेला आणि पुढची दोन वर्षेही फारशी बरी नव्हती. मेदोकच्या खडीच्या जमिनीत पाणी साचत नाही, तेथे काबेर्ने सोव्हिन्यों जातीचे द्राक्ष उत्तम येते. त्याची साल जाड असते. सालीतील टॅनिनमुळे ही वाइन तरुणपणी तुरट लागते, पण त्याच टॅनिनच्या बळावर ती तळघरात दशकानुदशके टिकते आणि मुरत जाते. हे द्राक्ष उशिरा पिकते. ऊन कमी पडले, पाऊस लांबला, तर तुरटपणा उरतो आणि मुरण्याजोगे काही उरत नाही. अशी वाइन थोरल्या नावाने विकणे फिलिप यांना पटेना; ओतून देणेही परवडणारे नव्हते. तेव्हा तिला वेगळे नाव मिळाले: मूटॉन कॅडे.

‘कॅडे’ म्हणजे धाकटा मुलगा. फिलिप स्वतः शेंडेफळ होते. आपल्याकडे एनसीसीमुळे परिचित झालेला ‘कॅडेट’ शब्द हाच. वारसा थोरल्याकडे जाई आणि धाकटा सैन्यात नशीब काढायला निघे, त्यातून तो आला. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची आठवण व्हावी असेच हे नामकरण. धाकटी पाती इतकी खपली की मळ्याचा माल पुरेना. मग बोर्दो प्रदेशातील इतर मळ्यांतून द्राक्षे आणि वाइन घेण्यात येऊ लागली. आज ही रोजच्या जेवणाबरोबर, फार न मुरवता पिण्याची वाइन आहे आणि जगभर विकली जाते. तिच्यात मूटॉनच्या मळ्याचे द्राक्ष शोधू नये. थोरल्या मळ्याच्याच द्राक्षांची दुय्यम वाइन, ‘पेती मूटॉन’, १९९० च्या दशकात आली.

नावाची सर्वांत भयंकर किंमत मात्र युद्धात मोजावी लागली. जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर विशी सरकारने ज्यू रॉथ्सचाइल्डांची मालमत्ता जप्त केली. मूटॉनही गेले. अटकेतून सुटल्यावर फिलिप इंग्लंडला पोहोचले आणि द गॉल यांच्या फौजेत दाखल झाले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ फ्रान्समध्येच राहिल्या. त्या जन्माने कॅथलिक होत्या. तरीही १९४४ साली गेस्टापोने त्यांना पकडले. १९४५ च्या मार्चमध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

त्याच वर्षी मे महिन्याच्या आरंभी बोर्दोत हिमकडा पडून पीक मोठ्या प्रमाणात गेले. मग उन्हाळा कडक आणि कोरडा आला. उरलेले थोडे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि पूर्ण पिकलेले निघाले. १९४५ ची मूटॉन विसाव्या शतकातील थोर वाइनमध्ये गणली जाते. तिच्या चिठ्ठीवर फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराने विजयाचा ‘व्ही’ काढला. तेव्हापासून दरवर्षी नव्या चित्रकाराची प्रथा पडली: ब्राक, दाली, शागाल, वॉरहॉल, २००९ साली मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. मोबदला वाइनच्या पेट्यांत.

श्रेणीचा लढा दरम्यान चालूच होता. १८५५ नंतर खालच्या टोकाला एका इस्टेटची भर पडली होती, एरवी यादी गोठलेली होती. जून १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक (पुढे हेच फ्रान्सचे अध्यक्ष झाले) यांनी आदेशावर सही केली आणि मूटॉन पहिल्या श्रेणीत आले. मळ्याचे बोधवाक्य बदलले. पूर्वीच्या वाक्याचा आशय असा: पहिला होता येत नाही, दुसरेपण मानत नाही, मी मूटॉन आहे. नव्या वाक्याचा: पहिला आहे, दुसरा होतो, मूटॉन बदलत नाही.

त्या वर्षीच्या चिठ्ठीवर पिकासोचे चित्र आहे. पिकासोचे निधन त्याच एप्रिलमध्ये झाले होते. आणि १९७३ चा हंगाम? बोर्दोत तो सुमारच गेला. पहिल्या श्रेणीची मोहोर लागलेली मूटॉनची ती पहिली बाटली संग्राहक आज मुख्यतः चिठ्ठीसाठीच घेतात.