मित्राच्या प्रकाशाबरोबर मागे

मे संपत आलाय. रात्रीचे अकरा वाजलेत. लिंबागणेशमध्ये ऊसतोडीला गेलेली घरं परतली आहेत, रानं नांगरून पावसाची वाट बघताहेत. तुम्ही गावाबाहेर, डोंगर आड येणार नाही अशा उंच माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभे आहात. हात लांब करून मूठ धरा. क्षितिजापासून साधारण एक मूठ वर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. उजवीकडचा मित्रक, त्याचा प्रकाश शिवकाळात निघाला. डावीकडचा, जास्त तेजस्वी आणि किंचित पिवळसर, तो मित्र. त्याचा प्रकाश निघून जेमतेम चार वर्षं चार महिने झालेत.

त्याच वाटेनं उलट निघा. ४१ लाख कोटी किलोमीटर मागे गेलात की कळतं, नुसत्या डोळ्यांना एक दिसणारा मित्र म्हणजे दोन तारे आहेत. मोठ्यापासून पृथ्वी-सूर्याएवढं अंतर राखून थांबा. समोर आपला सूर्यच आहे असं वाटेल. बिंब फक्त सव्वापट रुंद आणि ऊन दीडपट कडक. वस्तुमान सूर्याच्या १.१ पट, पृष्ठभागाचं तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास, म्हणजे सूर्याइतकंच. धाकटा नारिंगी झाकेचा, प्रकाशानं सूर्याच्या निम्मा. दोघं एकमेकांभोवतीची फेरी ८० वर्षांत पुरी करतात. धाकटा सर्वांत दूर गेला तरी इथल्या रात्री त्याचा उजेड पौर्णिमेच्या शंभरपटीहून जास्त पडतो. आता मागे वळून शर्मिष्ठा हा तारकासमूह शोधा. त्याच्या पाच ताऱ्यांच्या ओळीला एक सहावा, ठळक तारा जोडला गेलाय. तो आपला सूर्य.

आता काळातही मागे चला. १८३३, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळची केपची वेधशाळा. थॉमस हेंडरसन मित्राची जागा पुन्हा पुन्हा मोजताहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा हा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे अगदी किंचित सरकतो. एवढ्याशा सरकण्यावरून अंतर निघतं; पण स्वतःच्या आकड्यांची पुरती खात्री पटेपर्यंत ते थांबतील आणि १८३९ मध्ये हे अंतर जाहीर करतील.

डिसेंबर १६८९. रायगड पडलाय, राजाराम महाराजांनी जिंजीचा किल्ला गाठलाय. तिथून दोन-तीन मजलांवर, समुद्रकाठच्या पुदुच्चेरीत, झाँ रिशो हे फ्रेंच पाद्री धूमकेतू बघायला दुर्बीण रोखतात आणि त्यांना मित्राच्या जागी दोन तारे दिसतात. मित्र जोडतारा आहे याची ही पहिली नोंद. ती भारताच्या भूमीवरून झाली.

आजपासून दोन हजार वर्षं मागे. पैठणला सातवाहनांची राजधानी आहे. तुम्ही लिंबागणेशच्या त्याच माळावर उभे आहात, पण मित्र एका मुठीवर नाही, जवळपास दोन मुठी वर आहे. पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलतो, म्हणून दक्षिणेचा हा तारा शतकामागून शतक खाली सरकत आलाय. अजून काही हजार वर्षं तो खालीच सरकत राहील.

त्या काळच्या पैठणच्या ज्योतिषाला मित्र आजच्यापेक्षा चांगला दिसत होता. पण तो एक सूर्य आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण अंतर माहीत नव्हतं. अंतर कळलं की दिसणाऱ्या प्रकाशावरून खरं तेज निघतं, तेज आणि रंगावरून आकार निघतो, जोडीदाराच्या फेरीवरून वस्तुमान निघतं. आपला सूर्य किती साधारण आहे, हे अशा शेजाऱ्याशी ताडून पाहिल्यावरच नेमकं सांगता येतं. आज लिंबागणेशच्या शाळेतलं सातवीचं पोरसुद्धा हे समजून घेऊ शकतं. त्याला माळावर घेऊन जा, मित्र दाखवा, आणि तो कसा मोजला ते आधी सांगा.