पडवीला कडी नव्हती

आमच्या कोकणातल्या घरात बाहेर कुठं संपतं नि आत कुठं सुरू होतं, हे कधी नीट ठरलंच नाही. अंगण, पडवी, ओटी, माजघर. दर पायरीला ऊन थोडं कमी.

हल्ली गावाकडे व्हिला होतायत. मधोमध उघडा चौक, सरकत्या काचा, दारातच झाडं. या चालीतलं मोठं नाव म्हणजे श्रीलंकेचे जेफ्री बावा. मुळात वकील. १९४८ साली त्यांनी लुनुगंगा ही रबराची बाग घेतली. ती सजवताना बांधकामाचा नाद लागला नि ते लंडनला वास्तुकला शिकून आले. १९६०-६२ साली कोलंबोत त्यांनी एना डी सिल्वा यांचं घर बांधलं. जागा लहान, म्हणून घराची तोंडं आत वळवली: मधे चौक, भोवती ओसऱ्या, वर कौलं. तिकडच्या जुन्या घरांतला चौकच त्यांनी शहरात आणला.

म्हणजे व्हिलाचं आजोळ आपल्यासारख्या घरातलंच. पण एक गोष्ट मागे राहिली. आमच्या पडवीला कडी नव्हती. वाटसरू टेकायचा, त्याला गूळपाणी मिळायचं. पावसात मासेवाली टोपली उतरवून तिथंच थांबायची. व्हिलाचा चौक आभाळाला उघडा, वाटेला बंद. वारा आत येतो, माणूस गेटाबाहेर राहतो.

यंदा दुरुस्तीत पडवीला ग्रील लावायची टूम निघाली. मी म्हटलं, कौलं बदला, फरशी घाला. पण पडवी तेवढी उघडी राहू द्या.