पाटणे : खानदेशातील बाजाराची दगडी सनद

पाटणे (पाटणादेवी) : जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील एक ओसाड झालेले प्राचीन नगर व देवस्थान. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे 18 किमी.वर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात ते वसलेले आहे. आज येथे चंडिकादेवीचे देऊळ, महेश्वराचे दगडी देऊळ, माथ्यावरचा कण्हेरगड आणि डोंगरातली लेणी पाहायला लोक येतात. बाराव्या शतकातील गणिती व ज्योतिर्विद भास्कराचार्य यांचे नाव येथे प्रत्येक भाविकाच्या कानी पडते. परंतु हे स्थळ आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी येथे भरणाऱ्या बाजारात कोणी काय द्यायचे, तेल किती, सुपारी किती, धान्य कोणाच्या मापाने मोजायचे, हे ठरवून देणारा शिलालेख येथे आहे. खानदेशात बाजारासाठी उभ्या राहिलेल्या दगडी स्मारकांत याच्या तोडीचे दुसरे नाही.

स्थान : तापीच्या खोऱ्यातून दख्खनच्या पठारावर चढायच्या वाटांपैकी एक येथून जात असे. तिच्या तोंडाशी पाटणे उभे होते. डोंगरापलीकडे पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे ही वाट इसवी सनापूर्वीपासून राबती होती. कण्हेरगडाच्या अंगाखांद्यावर नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी आहेत. त्यांतले नागार्जुन कोठी जैन आहे. डोंगर चढण्याआधीचा मुक्काम, पाणी, देऊळ आणि वर पहारा ठेवायला गड एवढे जुळून आले की तेथे पेठ वसतेच. माल घेऊन आलेले बैल घाट चढण्यापूर्वी येथे विसावत असणार आणि उतरलेला माल येथेच विकला जात असणार. शिलालेखातली करांची यादी वाचताना हे चित्र आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते.

निकुंभ घराणे : या भागावर देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांची सत्ता होती. ते स्वतःला सूर्यवंशी म्हणवत आणि 1600 गावांच्या प्रदेशाचे धनी असल्याचे सांगत. महेश्वराच्या देवळातील शके 1075 च्या (इ.स. 1153) लेखात या घराण्याची हकीकत आहे. इंद्रराजाने देऊळ बांधायला घेतले. त्याच्या मृत्यूनंतर राणी श्रीदेवीने कारभार पाहिला आणि मुलगा गोवन (तिसरा) याच्या काळात काम पुरे झाले. एका लहान मांडलिकाच्या राणीने राज्य सांभाळल्याची ही नोंद दगडावर टिकली, याचे मोल मोठे आहे. गोवनानंतर सोइदेव आणि त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव हे सत्तेवर आले. बाजाराचा लेख या दोन भावांच्या दानाचा आहे.

शिलालेख : देवीच्या देवळातील या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वेधले. 1865 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांवरील आपल्या निबंधात त्यांनी त्याचा आधार घेतला. पुढे जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्त्स कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याची चिकित्सक आवृत्ती दिली. लेखात शके 1128, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा व चंद्रग्रहण असा काळ आहे. कीलहॉर्न यांनी त्याची तारीख 9 ऑगस्ट 1207 अशी काढली. मराठी ग्रंथांत इ.स. 1206 हे वर्षही आढळते. बहुतेक मजकूर संस्कृतात असून शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. ज्ञानेश्वरीचे लेखन शके 1212 (इ.स. 1290) मधले मानतात. त्यामानाने ही मराठी आठ दशकांहून अधिक जुनी ठरते.

संस्कृत भागात भास्कराचार्यांचे घराणे येते. त्रिविक्रमापासून सुरू होणारी विद्वानांची परंपरा, भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवलेला भास्करभट्ट, मग पिढ्यांमागून पिढ्या येत महेश्वर आणि त्याचा पुत्र भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल आपल्या दरबारी घेऊन गेला. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्यांच्या घराण्यातील इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटण्यात मठ स्थापन केला. सोइदेवाने त्याला जमीन व इतर उत्पन्न दिले, हेमाडिदेवाने ते पुढे चालवले. भास्कराचार्यांचे जन्मस्थान कोणते हा वाद वेगळा आहे आणि हा लेख त्यावर निकाल देत नाही. गणित आणि ज्योतिष शिकवणारी संस्था बाराशे सालानंतर लगेच खानदेशात होती, तिला नाव होते, उत्पन्न होते आणि अभ्यासक्रमही ठरलेला होता, एवढे मात्र तो निःसंशय सांगतो.

बाजाराचे दान : मठ चालवायचा तर रोजचा खर्च आहे. तो भागवण्याचा मार्ग मराठी ओळींत दिला आहे. ज्यांच्यासाठी नियम होता त्या तेली, वाणी, मापारी आणि गिऱ्हाइकांना तो कळावा, म्हणून हा भाग मराठीत असावा. विद्वानांसाठी वंशावळ संस्कृतात आणि बाजारासाठी हिशेब मराठीत, अशी ही सरळ वाटणी दिसते.

पाटण्यात जो माल विकायला उघडला जाई त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे येणे होते ते मठाला दिले. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जे मिळे ते ब्राह्मणांनी दिले. नगरानेही गिऱ्हाइकाकडून येणारा आपला अंश सोडला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्याही मठाला मिळत. तेलाच्या पहिल्या घाण्याचे तेल मठाचे. शिवाय जितके घाणे चालत तितक्यांमागे एकेक पळी तेल. या ओळींतील काही शब्दांचे अर्थ अभ्यासक वेगवेगळे लावतात. देणाऱ्यांची यादी मात्र स्पष्ट आहे. राजा, ब्राह्मण, नगर आणि तेली या सर्वांनी आपापल्या हक्कातून काही ना काही काढून दिले. दान वरून लादलेले नव्हते, ते गावाने मिळून उचललेले होते. या लेखाचे मोठेपण माझ्या मते यातच आहे.

त्यापुढचा नियम सर्वांत अर्थपूर्ण आहे. येथे जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे. मापणावळीचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापणाऱ्याला. मापे नेहमी कोणा ना कोणा सत्तेच्या ताब्यात असत आणि लबाडीही तेथेच होई. माप लहान करणे, मापाचा काठ घासणे, देताना एक आणि घेताना दुसरे वापरणे, हे सगळ्या जगातल्या बाजारांत चाले. पाटण्याच्या लोकांनी आपले माप गणित शिकवणाऱ्या संस्थेकडे ठेवले.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ज्यांनी चाळली असेल त्यांना हा योग उगीच जुळलेला वाटणार नाही. त्या ग्रंथाची सुरुवातच नाण्यांच्या आणि मापांच्या कोष्टकांनी होते. वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे धान्य मोजायची खारी, तिचा सोळावा भाग द्रोण, मग आढक, प्रस्थ आणि कुडव. पुढे व्याज, वस्तूंची अदलाबदल आणि खळ्यातल्या धान्याच्या राशीचे आकारमान यांची गणिते येतात. ही सगळी बाजारातली गणिते आहेत. मठात मुले जी कोष्टके पाठ करत असतील तीच भिंतीपलीकडच्या पेठेत तेल-धान्य विकताना उपयोगी पडत असतील. शाळेचा खर्च बाजार चालवतो आणि बाजाराचा प्रामाणिकपणा शाळा सांभाळते, अशी व्यवस्था तेराव्या शतकातल्या खानदेशात होती. हे शालेय पुस्तकांत यायला हवे. जळगाव-धुळ्याच्या मुलांना तरी ते ठाऊक असायलाच हवे.

इतर देशांतील तुलना : इंग्लंडच्या जुन्या गावांत बाजारचौकाच्या मधोमध दगडी क्रूस किंवा कमानींचा मंडप असतो. त्यांना बाजारक्रूस म्हणतात. माल्मस्बरी, सॉल्झबरी आणि चिचेस्टर येथील मंडप प्रसिद्ध आहेत. चिचेस्टरचा मंडप 1501 मध्ये बिशप एडवर्ड स्टोरी यांनी बांधला. गरिबांना जकात न भरता आपला माल विकता यावा, हा त्यामागचा हेतू होता. स्कॉटलंडमध्ये अशा क्रूसाजवळ राजाचे जाहीरनामे वाचत आणि शिक्षाही तेथेच होत. सार्वजनिक तराजूला तेथे ट्रॉन म्हणत आणि एडिंबरोच्या एका चर्चला त्यावरूनच नाव मिळाले. पाटण्याचा दगड या सर्वांहून जुना आहे, पण चौकात उभा राहून लांबून दिसणारा नाही. तो वाचायचा आहे. तेथे जकात माफ झालेली नाही, ती विद्येकडे वळवलेली आहे. चिचेस्टरचा बिशप आणि पाटण्याचा सोइदेव यांच्यासमोरचा प्रश्न मात्र एकच होता. बाजारातून निघणारे पैसे शेवटी कोणाच्या उपयोगी पडावेत?

खानदेशातील इतर बाजारखुणा : पाटण्यासारखा लेख इतरत्र नसला तरी येथील पेठांना आपापल्या खुणा आहेत. अमळनेरला बोरी नदीकाठच्या जुन्या किल्ल्याचा दगडी दरवाजा आहे, त्याच्या आतबाहेर गावाची पेठ वाढली. जळगावचा बाजार कापसाच्या व्यापारामुळे वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात त्याला तेजी आली आणि 1865 मध्ये भाव कोसळल्यावर त्याने जबर मार खाल्ला. तेथील मध्यवर्ती चौक टॉवरच्या नावाने ओळखला जातो.

धुळ्याची गोष्ट अधिक तपशिलात सांगायला हवी, कारण तेथील बाजार जवळजवळ शून्यातून उभा राहिला. 1803 मध्ये होळकरांच्या फौजांची धामधूम आणि भीषण दुष्काळ यांमुळे धुळे पुरते उठले होते. पुढच्या वर्षी विंचूरकर सरदारांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले आणि 1818 पर्यंत तेथून लळिंग व सोनगीर परगण्यांचा कारभार पाहिला. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने हे गाव जिल्ह्याचे ठाणे म्हणून निवडले. जानेवारी 1819 मध्ये त्याने कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली आणि दूरदूरचे कारागीर आणवले. घरे बांधायला कायमची करमुक्त जागा दिली, पक्क्या घरांसाठी आगाऊ रक्कमही दिली. त्या वेळी गावात 401 घरे व 2,509 माणसे होती. सरळ रेषेत आखलेली नवी पेठ आणि तिच्यातून जाणारा मुंबई-आग्रा मार्ग हे धुळ्याच्या बाजाराचे खरे स्मारक. पाचकंदील या चौकाचे नाव दिव्यांचे आहे, कोणा राजाचे वा अधिकाऱ्याचे नाही, ही मला त्या गावाची चांगली गोष्ट वाटते. रात्री उजेड असला की दुकान उघडे राहते आणि गिऱ्हाईक येते. पेठेला याहून सयुक्तिक नाव सुचणे कठीण.

पाटण्यात करमाफी नव्हती, धुळ्यात होती, आणि दोन्ही ठिकाणी सत्तेने आपले येणे सोडून पेठेला किंवा विद्येला दिले. फरक इतकाच की ब्रिग्जचे धोरण कागदावर नोंदले गेले. सोइदेवाचे दगडावर कोरले गेले. म्हणून तेली, मापारी आणि गिऱ्हाईक यांचे देणे-घेणे आठशे वर्षांनी आपल्याला वाचता येते.

पुढील काळ : बाजार आता चाळीसगावला आहे. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला आणि 1900 मध्ये चाळीसगाव-धुळे फाटाही सुरू झाला. मालाची वाहतूक पायथ्याच्या जुन्या वाटेवरून कायमची हलली. दख्खनकडे जाणारा हमरस्ता आज औट्रम घाटातून जातो. मापाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. 1927 चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा, नंतर 1963 चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा, हमाल-मापाडी कामगारांसाठी 1969 चा माथाडी कायदा, या सर्वांत वजन कोण करणार, तोलाई किती आणि ती कोणाला, हेच मुद्दे पुन्हा ठरवावे लागले. बाजार समितीच्या आवारातला मापाडी हा पाटण्याच्या लेखातील मापणाऱ्याचा थेट व्यवसायबंधू होय.

जवळची स्थळे : चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी बहाळ येथे शके 1144 चा (इ.स. 1222) लेख आहे. भास्कराचार्यांच्याच घराण्यातील अनंतदेव या ज्योतिषाने देवीचे देऊळ बांधल्याची नोंद त्यात आहे. वाघळी येथे शके 991 चा (इ.स. 1069) यादवकालीन लेख असून तेथील मधाईदेवीचे देऊळ पाहण्यासारखे आहे. पाटणे, बहाळ आणि वाघळी ही तिन्ही ठिकाणे एकत्र पाहिली तर अकराव्या ते तेराव्या शतकातील खानदेशाचे जीवन बरेच उलगडते.

पाटण्याला चाळीसगावहून रस्त्याने जाता येते. नवरात्रात देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते. पावसाळ्यानंतर केदारकुंड धबधबा आणि जंगल पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढते. देवळात जाणाऱ्याने लेखाची शिळा नक्की पाहावी. अक्षरे नागरी आहेत, थोडा सराव केला तर वाचता येतात. शेवटच्या ओळींतले घाणा, माप, पळी हे शब्द कोणाच्याही मदतीशिवाय ओळखू येतात.