तारपा वाजविणारा

वारली चित्रकलेचें नांव ठाऊक नाहीं असें सुशिक्षित घर आज महाराष्ट्रांत विरळाच. गेरूनें सारविलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें रेखाटलेल्या त्या चित्रांतील एक देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे : नाचणाऱ्या स्त्रीपुरुषांचें वेटोळें आणि मध्यभागीं लांब वाद्य फुंकणारा एक मनुष्य. चित्र आम्ही दिवाणखान्यांत लावतों. पण त्या मनुष्याचें वादन ऐकलेले किती, आणि त्याचें नांव विचारणारे किती? डहाणू-तलासरीच्या इतिहासांत या वादकाची जागा कोणती, याचा विचार करण्याजोगा आहे.

त्याच्या वाद्यास तारपा म्हणतात. वाळलेल्या दुध्या भोपळ्यास बांबूच्या दोन नळ्या बसवितात. नळ्यांच्या आंत जिभल्या असतात. सांधे मेणानें बुजवितात आणि खालच्या टोंकास ताडाच्या पानांचा कर्णा करतात. वादन सोपें नाहीं. गालांत सांठविलेली हवा बाहेर लोटीत असतांनाच नाकानें पुन्हां श्वास घ्यावयाचा असतो. तेव्हांच सूर अखंड राहतो. भाताची कापणी झाल्यावर रात्रीं नाच भरतो. नाचणारे एकमेकांस धरून वादकाभोंवतीं फिरतात. त्यानें चाल पालटली कीं पावलें पालटतात. शहरांतील बँडास अनेक माणसें लागतात. येथें एकच मनुष्य सूर आणि नायकत्व दोन्ही सांभाळतो.

या रात्रींचें मोल कळण्यास त्या लोकांचे दिवस कसे होते, तें पाहिलें पाहिजे. जमीनदार व सावकार त्यांजकडून वेठ घेत. लग्नापुरत्या कर्जापायीं नवराबायको धनकोच्या घरीं वर्षानुवर्षें राबत. अशांस लग्नगडी म्हणत. १९४५ सालीं किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं या पद्धतीविरुद्ध उठाव केला. त्या वर्षींच्या मे महिन्यांत तलासरी भागांतील झरी गांवीं झालेली सभा प्रसिद्ध आहे. गोदावरीबाईंनीं ही हकीकत १९७० सालच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत सांगितली, म्हणून ती आम्हांपर्यंत पोहोंचली. पण वेठीनें मोडलेल्या माणसांस एकत्र येण्याची संवय कोठून राहिली, हा प्रश्नही विचारला पाहिजे. दिवस मालकाचा असला, तरी नाचाची रात्र त्यांची स्वतःची होती, आणि ती रात्र तारपेवाल्यानें राखली, असें आमचें मत आहे.

मग चित्रकारास नांव मिळालें आणि वादकास कां मिळालें नाहीं? लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचींही नांवें कोणी टिपून ठेवलीं नाहींत. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या उत्तेजनानें हें चित्र भिंतीवरून कागदावर आलें, आणि डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची कीर्ति परदेशांत गेली. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांचा गौरव सर्वथा उचितच होता. परंतु कागद विकतां येतो, टांगतां येतो, त्यावर सही करतां येते. सूर मात्र पहांटेबरोबर विरतो. जव्हार तालुक्यांतील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, हें आनंदाचेंच. पण एका नांवानें शेंकडों पाड्यांचें ऋण फिटत नाहीं.

लग्नाच्या मांडवांत आतां ध्वनिवर्धकाचा गोंगाट शिरला आहे. हात कर्ण्यावरून निघाले कीं चाली त्यांजबरोबर जातात. कारण त्या लिहिलेल्या नाहींत, केवळ ऐकून शिकलेल्या आहेत. यास्तव येथील शाळा-महाविद्यालयांनीं पाड्यापाड्यांतून त्या चाली ध्वनिमुद्रित कराव्या, आणि प्रत्येकीपुढें वाजविणाराचें, त्याच्या गुरूचें व गांवाचें नांव न विसरतां लिहावें. चित्र पाहून जिज्ञासा जागी झालेल्या वाचकासही एवढें सहज करतां येईल : पुढच्या हिवाळ्यांत तिकडे जाऊन नाच पाहावा, आणि निघण्यापूर्वीं मध्यें उभ्या असलेल्या मनुष्यास त्याचें नांव विचारावें.